कौसाबाईच्या मिशा

कौसाबाई परक्या पुरुषांच्या ओठांकडे टक लावून बघायची. हे आधीच सांगून टाकतो, कारण उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये तिच्याबद्दल ज्या काही वावड्या उठल्या, त्यांचं मूळ एवढंच होतं. शेअर रिक्षा भरायची वाट बघत बसलेली असो की चहाच्या गाडीशी उभी असो, समोर मिशीवाला आला की ही बाकीचं जग विसरायची. चहा पिताना त्याचे कुठले केस भिजतात, हसताना कुठली बाजू आधी वर जाते, मिशी पुसतो ती कुठल्या हाताने, हे सगळं बघून घ्यायची. काही जण लाजायचे, काही उगाच केस विंचरून परत समोरून जायचे. एकदा एका बाईने तिला भर बाजारात फैलावर घेतलं. कौसाबाई शांतपणे म्हणाली, "बाई, तुजा नवरा तुला लखलाभ. मला फकस्त त्याची मिशी बघायची व्हती. डावीकडं पांढरी व्हाया लागलीय, तुला म्हाईत हाय का?" त्या बाईने भांडण तिथेच टाकलं आणि वळून नवऱ्याचा चेहरा बघायला लागली. लग्नाला वीस वर्षं झाली असतील, पण तो तिने त्या दिवशी पहिल्यांदाच नीट बघितला असावा.

ती नाटकातल्या दाढ्यामिशा बनवायची. बदलापूरच्या पलीकडच्या एका खेड्यात तिचं माहेर. नवरा अंबरनाथला काडेपेटीच्या कारखान्यात होता. तो ऐन उमेदीत गेला आणि मागे एक खोली ठेवून गेला, शिवाय कारखान्यातून बाद झालेल्या रिकाम्या काडेपेट्यांची पोती. पोटासाठी ती कॅम्प दोनमध्ये लोकूमल नावाच्या सिंधी शेठकडे गंगावनं बांधायला जाऊ लागली. बायका वेणीत केसांचा जो शेपटा मिसळतात, ते गंगावन. गल्लोगल्ली फिरून केसांचं गुंतवळ गोळा करणाऱ्या बायका त्याची गाठोडी लोकूमलकडे आणून ओतायच्या. कौसाबाई ते धुवायची, सोडवायची, एकेक केस सरळ करून लांबीप्रमाणे लावायची. दुसऱ्या कुणाला ते बघून किळस आली असती. ती मात्र केस उजेडात धरून सांगायची, ही बाई आजारातून उठलीय, हिला तेल मिळत नाही, ही बाळंतीण आहे.

आता मी कोण, तेही सांगतो. मी सोमा. अंबरनाथच्या एका कारखान्यात स्टोअरला होतो आणि आमच्या कामगार नाट्यमंडळाचा प्रॉम्प्टर होतो. विंगेत अंधारात उभं राहून दुसऱ्याचं विसरलेलं वाक्य पुरवायचं, टाळ्या मात्र त्याला. पण प्रॉम्प्टरला एक गोष्ट दिसते जी प्रेक्षकाला दिसत नाही. नटाचा चेहरा हातभर अंतरावरून दिसतो, आणि तिथून आमच्या मंडळाच्या दाढ्यामिशा म्हणजे निव्वळ लाज होती. तेव्हा सगळीकडे क्रेप वापरायचे. क्रेप म्हणजे लोकरीची वेणी. ती उसवायची, विंचरायची आणि गोंद लावून ओठावर थापायची. आमच्या एका सेनापतीने तलवार उपसली आणि त्याच क्षणी मिशी उजवीकडून सुटली. पुढचा सगळा प्रवेश तो गालावर हात दाबून बोलला. लोकांना वाटलं, सेनापतीची दाढ दुखतेय. मी तर उपहासाने म्हणालोही होतो की पुढच्या वेळी मिशीलाच प्रॉम्प्टिंग करतो.

त्यावरून मंडळींनी मलाच चांगली मिशी शोधायला पिटाळलं. शोधत शोधत मी लोकूमलच्या खोलीवर पोचलो. पंच्याऐंशी-शहाऐंशीची गोष्ट असेल. लोकूमलने आतल्या कोपऱ्याकडे बोट केलं. "उस माई से पूछो, साईं. बाल का काम वही जानती है."

"मिशी पाहिजे," मी म्हणालो.

"कोनाची?" तिने वर न बघता विचारलं.

"नाटकातल्या पाटलाची."

"तंबाखू खातो का बिडी वडतो?"

"कोण?"

"पाटील तुमचा."

नाटकात तसं काही लिहिलेलं नव्हतं.

"बिडी वडत आसंल तर मदले केस पिवळं पडतात," ती म्हणाली. "रिकामटेकडा आसंल तर पीळ देत बसनार, मंग टोकं वर जानार. आन बायको मेलेली आसंल तर कापायचं ध्यान ऱ्हात नाय, मिशी व्हटावर येते. मानूस सांगा, मंग मिशी सांगते."

मी घरी येऊन नाटक पुन्हा वाचलं. पाटलाबद्दल सापडेल तेवढं गोळा करून दुसऱ्या दिवशी तिला सांगून आलो. एखाद्या मुलीचा बाप स्थळाची चौकशी करतो तसं ती एकेक विचारत होती.

मग तिने मिशी केली ती कशी, हे मी शेजारी बसून पाहिलं. कॅम्प तीनच्या कपड्यांच्या कारखान्यांतून तिने जॉर्जेटच्या चिंध्या आणल्या होत्या. त्यातली सगळ्यात विरळ विणीची निवडून तिची जाळी केली. वाकड्या टोकाच्या बारीक सुईने त्या जाळीच्या एकेका भोकातून एकेक केस ओवून त्याला गाठ मारायची. एक केस, एक गाठ. नाकपुड्यांखालचे केस खाली उतरते, त्यांच्या बाजूचे तिरके, कडेचे जवळजवळ आडवे. काळा केस, मग करडा, मग तांबूस, मग परत काळा. मधूनच एक पांढरा, पण नेमका कुठे घालायचा ते ठरवायला ती बराच वेळ डोळे मिटून बसली. कुठल्या तरी रिक्षा स्टँडवरचा माणूस आठवत असेल. हे सगळे केस निघत होते नवऱ्याच्या त्या काडेपेट्यांतून. भिंतीला लागून शेकडो काडेपेट्या रचलेल्या होत्या आणि प्रत्येकीला रंगीत दोरा बांधलेला. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. कुठल्या दोऱ्यात कुठला केस, ते तिलाच ठाऊक. मिळालेला केस टाकून द्यायचा नाही, हा तिचा धर्म होता. जमिनीवर पडलेला एखादाही ती बोटाला थुंकी लावून उचलून घ्यायची.

त्या नाटकाचा प्रयोग मी मरेपर्यंत विसरणार नाही. दुसऱ्या अंकात पाटील तांब्याने पाणी पितो. खरं पाणी. पाटलाने तांब्या खाली ठेवला आणि मी विंगेतून बघितलं, मिशीच्या कडेला पाण्याचे थेंब लोंबत होते. भिजलेले केस एकमेकांना चिकटून त्यांची बारीक टोकं झाली होती, अगदी तुमच्या-आमच्या मिशीची होतात तशी. नटाने, कुणी न सांगता, पालथ्या हाताने मिशी पुसली. आणि पहिल्या रांगेतल्या चार-पाच मिशीवाल्यांनी, आपण काय करतोय हे न कळता, हात वर नेऊन आपापल्या मिशा पुसल्या. माझ्या हातातलं पुस्तक खाली पडलं, पाटील पुढचं वाक्य विसरला आणि मला ते सापडेना. पण ती शांतताही लोकांना अभिनयच वाटली.

त्या दिवसापासून कौसाबाई आमच्या मंडळाची झाली. बाईमाणूस पुरुषांची हनुवटी धरून तोंडाला गोंद लावते याची आधी फार थट्टा झाली. ती थट्टेला भीक घालणारी नव्हती. हनुवटी धरली की म्हणायची, "हलू नको रं. तुज्या बायकोला पन तू येवढ्या जवळून बगू देत नसशील." हसणारेच मग तिच्यापुढे रांगेत बसायला लागले. मी तिची हनुवटीवरची बोटं बघायचो. ती बोटं चेहरा वाचायची. मिशी लावून झाली की ती नटाला आरसा देत नसे. नाव घेऊन हाक मारायची, आणि त्याने "ओ" दिल्यावर मिशी बरोबर हलली तरच मान डोलवायची.

मंडळात हिंदुराव नावाचा फिटर होता. सातारकडचा गडी, बदलापूरला नव्या इमारतीत भाड्याची खोली घेऊन राहायचा. मोठा गुणी नट, आणि मिशी म्हणाल तर सोन्यासारखी. दाट, काळीभोर, झुपकेदार. एका वर्षी आम्ही स्पर्धेसाठी जे नाटक घेतलं त्यात त्याला पहिल्या अंकात कोवळा पोरगा आणि शेवटच्या अंकात म्हातारा व्हायचं होतं. म्हातारपणाची दाढी कौसाबाई करणार होती. पोरपणासाठी मात्र त्याची स्वतःची मिशी उतरवणं भाग होतं.

आणि तिथे घोडं अडलं. बाप जिवंत असताना मुलाने मिशी काढायची नाही. ती उतरते बाप गेल्यावर, नदीकाठी, एकदाच. माझ्या घराने छप्पन साली धम्म घेतला, त्यामुळे असल्या रिवाजांशी माझा संबंध उरलेला नव्हता. मी कुणाला 'काढ' म्हणालो नाही आणि 'नको' पण म्हणालो नाही. हिंदुराव स्वतःच खूप दिवस घुटमळला. शेवटी म्हणाला, "आबा गावाला आहेत. त्यांना कोण सांगतंय? ते मला बघेपर्यंत परत उगवेल."

कौसाबाईने वस्तऱ्याआधी कात्री हातात घेतली. "बाप हाय ना तुजा?" तिने विचारलं. त्याने मान हलवली. तिने कात्री पदराला पुसली. मग एकेक बट चिमटीत धरून, मुळाशी कापून, त्याच क्रमाने कागदावर मांडत गेली. डाव्या बाजूला वरच्या ओठावर तिला एक तांदळाच्या दाण्याएवढी जागा सापडली, जिथे केसच नव्हते.

"ही काय रं?"

"लहानपणी आबा मोट हाकत होते, मी पाठीमागून पळत आलो आणि आसुडाचं टोक लागलं," हिंदुराव हसत म्हणाला. "इतर मेकअपवाले तिथं पेन्सिल फिरवायचे."

केस एका काडेपेटीत गेले, पेटीला हिरवा दोरा बांधला गेला.

नाटक झालं. त्यानंतर दोनच दिवस गेले असतील. हिंदुराव पाळीवरून थेट माझ्याकडे स्टोअरमध्ये आला. चेहरा पांढराफटक. गावाकडून चुलतभावाचा निरोप आला होता. आबांच्या पोटात पाणी झालं होतं, साताऱ्याच्या डॉक्टरांनी हात टेकले होते, आणि म्हातारा एकच घोशा लावून बसला होता की मला हिंदूकडे न्या. दुसऱ्या दिवशी त्यांना गाडीत घालून बदलापूरला आणत होते.

"सोमाभाऊ, त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय," तो म्हणाला. "त्यांना दिसत नाही. ते हाताने बघतात. मी गेलो की आधी माझ्या तोंडावरून हात फिरवतात, मिशीला पीळ देतात, ओढून बघतात. उद्या त्यांच्या हाताला रिकामा ओठ लागला तर काय समजतील? पोराने मला जिताच पोचवलं, असंच ना? शेवटचं तेच घेऊन जातील."

मी रिवाज न मानणारा माणूस, पण त्या क्षणी म्हाताऱ्याच्या हाताखाली तो रिकामा ओठ मलाच सहन होईना. मी त्याला तसाच उठवून कॅम्प तीनला घेऊन गेलो.

कौसाबाईने सगळं ऐकून घेतलं. आजपर्यंत तिच्या मिशा डोळ्यांसाठी होत्या. मी हातभरावरून बघायचो तीच सगळ्यात जवळची नजर. आता मिशी बोटांना पटवायची होती, आणि तीही बापाच्या बोटांना. मला वाटलं, ती हात जोडेल. तिने हिरव्या दोऱ्याची पेटी काढली आणि हिंदुरावच्या ओठावरून अंगठा फिरवला. दोन दिवसांचे खुंट आले होते.

"ब्येस," ती म्हणाली. "बोटाला खरखर लागंल. ती तुजीच."

जाळीची कड हाताला कळली असती, म्हणून तिने जाळी फक्त मधल्या भागापुरती घेतली. ओढलं तर तो भाग टिकणार होता. कडेला जाळी नाहीच. तिथे केस सुटेच, एकेक करून थेट कातडीवर बसवायचे, खालून वर, कौलं बसवतात तसे. त्या दिवशी ती लोकूमलकडे गेली नाही. दुपारभर तिने मधल्या भागाच्या गाठी मारल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बदलापूरला पोचलो तेव्हा हिंदुरावला खिडकीशी बसवून उरलेले केस लावायला घेतले. त्याचेच केस, त्याच्याच ओठावर, ज्या जागेचे त्या जागी परत. मी पाहत होतो आणि मला चक्क भीती वाटत होती. कापलेली गोष्ट अशी उलटी उगवताना मी कधी पाहिली नव्हती.

गोंद राळेचा होता, राळ स्पिरिटात विरघळवून केलेला. त्याचा वास लपेना. तिने हिंदुरावच्या बायकोला, बकुळाला, घरभर ऊद फिरवायला सांगितलं. उदाच्या वासात राळेचा वास मिसळून गेला. मिशीच्या फक्त टोकांना तिने त्याचं रोजचं खोबरेल लावलं. मुळाशी लावलं असतं तर गोंद सुटला असता.

"कौसाबाई, ती रिकामी जागा भरून टाका की," हिंदुराव म्हणाला. "मिशी भरगच्च लागेल हाताला."

"तू गप. बोलू नको," ती म्हणाली. "आन आयक. रडायचं नाय. नाकातलं पानी व्हटावर आलं तर सगळं मुसळ केरात."

दुपारी आबांना आणलं. धोंडिबा त्यांचं नाव. एकेकाळचा धिप्पाड माणूस असणार, हाडं अजून सांगत होती. पोट तेवढं फुगलेलं, बाकी सगळं आटलेलं. त्यांना खाटेवर निजवलं. कौसाबाई शेजारीण म्हणून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, मी तिच्या मागे. आयुष्यभर मी विंगेत उभा राहिलो, पण तशी विंग पुन्हा मिळाली नाही.

"हिंदू, आलास व्हय रं?" म्हाताऱ्याने विचारलं.

"इथंच हाय आबा," हिंदुराव खाटेच्या कडेला बसला.

म्हाताऱ्याचा हात वर आला. कपाळ, भुवया, नाक. मग मिशी. अख्खा पंजा त्यांनी तिच्यावरून फिरवला. टोकाला चिमटीत धरून पीळ दिला. बोटांना लागलेलं खोबरेल नाकाशी नेऊन हुंगलं. मग मधोमध धरून ओढलं, चांगलं जोराने. हिंदुरावची मान पुढे आली. मिशी जागची हलली नाही.

मला वाटलं, संपलं. पण हात खाली आला नाही. अंगठा डाव्या बाजूला सरकला आणि काहीतरी शोधायला लागला. केस बाजूला सारत, हळूहळू, ओळखीच्या वाटेने जावं तसा. आणि त्या तांदळाच्या दाण्याएवढ्या उघड्या जागेवर येऊन थांबला.

"हितंच," म्हातारा पुटपुटला. अंगठा तिथेच फिरत राहिला. बराच वेळ फिरला. मग त्यांनी विचारलं, "लय लागलं व्हतं का रं तवा?"

हिंदुरावला आधी कळलंच नाही.

"आसूड रं. म्या बगितलं न्हवतं तुला, आईशपथ. रगात बगून माझं हातपाय गळालं. पर तुला जवळ घ्याचं सोडून वरडलो तुज्यावर. तवापास्नं रोज वाटतंय, इचारावं पोराला. लय लागलं व्हतं का?"

एवढी वर्षं तो माणूस मिशीला पीळ द्यायच्या निमित्ताने तीच जागा चाचपत होता, आणि पोराला वाटायचं मिशीचं कौतुक करतोय.

"न्हाई आबा," हिंदुराव म्हणाला, "कायबी लागलं न्हवतं," आणि त्याचा बांध फुटला. हमसून हमसून रडायला लागला. डोळ्यांतलं, नाकातलं, सगळं ओठावर आलं. मी बघितलं, उजवीकडची कड सुटून वर उचलली गेली होती. म्हाताऱ्याचा हात गालावर होता आणि तो परत मिशीकडे यायला निघाला होता.

कौसाबाई दोन ढांगांत खाटेपाशी पोचली. "पुरे, मोटा बाप्या झालास, बापासमोर रडतोस व्हय?" म्हणत तिने पदराने त्याचं तोंड पुसलं आणि त्याच पदराआडून अंगठ्याने ती कड दाबून धरली. म्हाताऱ्याचा हात आला तो तिच्या हातावर पडला. दोघांचे हात त्या मिशीवर एकावर एक.

"कोन ही?"

"शेजारची कौसाबाई, आबा."

"माया हाय हातात," म्हातारा म्हणाला, आणि हात काढून घेऊन कुशीवर वळला. कितीतरी दिवसांनी त्यांना त्या दुपारी गाढ झोप लागली, असं चुलतभाऊ नंतर सांगत होता.

मी आतल्या मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं. मी फार माणसं पाहिली, मोठमोठी भाषणं ऐकली, पण कुणापुढे असं मनापासून वाकावंसं मला क्वचित वाटलं असेल. सगळ्यांनी जी जागा भरून काढली होती ती तिने मोकळी ठेवली, आणि बापाला नेमकी तीच हवी होती. हे तिला कुणी सांगितलं होतं? मी तिला तसं विचारलंही. ती म्हणाली, "मला काय म्हाईत? जे हाय ते हाय, नाय ते नाय. आपन कशाला भरायचं?"

आबा त्यानंतर आठवडाभर होते. ती रोज सकाळी कॅम्प तीनहून बदलापूरला यायची, मिशी बसवून मग लोकूमलकडे जायची. हिंदुरावचा ओठ सोलवटून लाल झाला होता, खाली उगवू पाहणारे केस गोंदासोबत निघत होते. तो एकदाही कुरकुरला नाही. एका दुपारी आबा झोपेतच गेले. कौसाबाईने येऊन स्पिरिटाच्या कापसाने गोंद विरघळवला आणि मिशी उतरवून पेटीत ठेवली.

दहाव्याला आम्ही सगळे उल्हास नदीच्या काठावर जमलो होतो. सदू म्हणून एक म्हातारे नाभिक होते, त्यांनी हिंदुरावचं डोकं भादरलं आणि ओठाकडे येऊन थांबले. तिथे होतं काय? सोलवटलेली कातडी आणि तुरळक खुंट.

"हितं काय काढू?" ते म्हणाले. "मिशीच नाय."

हिंदुराव खाली बघत बसला. मग बारीक आवाजात म्हणाला, "बापाला द्यायची होती ती मी आधीच नाटकाला दिली. आता माझ्याकडे काय आहे?" त्या वाक्याला मीही काही पुरवू शकलो नाही.

मागे बायकांच्या घोळक्यात कौसाबाई उभी होती. ती पुढे आली. पिशवीतून गोंदाची बाटली आणि हिरव्या दोऱ्याची काडेपेटी काढली आणि सदूला म्हणाली, "दादा, जरा दम खा." हिंदुरावच्या समोर दगडावर बसली, त्याची हनुवटी धरली. जाळी तिने आधीच सोडवून टाकली होती, एकेक गाठ उलटी सोडवून. "वस्तऱ्याला जाळी नको," एवढंच म्हणाली. आणि भर उन्हात, सगळ्या भावकीसमोर, तिने ती मिशी पुन्हा एकेक केस करून उगवायला सुरुवात केली.

भटजी थांबले, कावळ्यांकडे बघणारे थांबले. सातारकडची कडक माणसं, कुणीतरी हे काय थोतांड म्हणून उठेल असं मला वाटत होतं. कुणी उठलं नाही. म्हाताऱ्यांनी तर डोक्यावरचे रुमाल काढून हातात घेतले. नाकाखालचे उतरते केस, मग तिरके, मग आडवे. डावीकडे ती जागा आली, ती सोडून पुढे गेली. शेवटचा केस बसला तेव्हा समोर अगदी पूर्वीचा हिंदुराव बसला होता. ती उठली आणि बाजूला झाली.

"घ्या आता," ती सदूला म्हणाली. "त्याचीच हाय. मिशी बापाची आसते. माज्याकडं नुसती ठेवाया दिली व्हती."

सदूंनी पाण्याचा हात फिरवला, वस्तरा टेकवला, आणि क्षणभर थांबून ओठाकडे निरखून पाहिलं. त्यांनी तिला ती लावताना पाहिलं होतं, तरीही. मग वस्तरा चालला. केस पळसाच्या पानावर पडले. हिंदुरावने पान दोन्ही हातांनी नदीत सोडलं. जमिनीवर पडलेला एक केस वाया न घालवणारी ती बाई काठावर उभी राहून ते सगळे केस पाण्यात लांब जाताना बघत होती. तिने एकालाही हात लावला नाही.

हिंदुराव वर आला. ओठ उघडा होता आणि त्यावरचा तो डाग आता सगळ्यांना दिसत होता. कुणीतरी बघतंय असं वाटून त्याने त्यावर हात ठेवला. कौसाबाईने तो हात धरून खाली केला.

"ऱ्हाऊ दे उगडा," ती म्हणाली. "आता तेवडंच खरं हाय तुज्या बापाचं."

मग तिने रिकाम्या काडेपेटीचा हिरवा दोरा सोडला, पेटी पिशवीत टाकली आणि लोकूमलकडची गंगावनं बांधायला निघून गेली.